विहीणबाईंचा डबा

मुलगी ऑफिसातून आली, बूट काढले, हात धुतले आणि पानावर बसायच्या आधीच म्हणाली, "आई, त्या चिनी आजींकडे जरा कमी जात जा."

"का? आजारी आहेत का?"

"आजारी नाहीत. माझ्या ऑफिसचं आहे."

मी आमटी वाढत होते, वाढतच राहिले. तिच्या 'जरा'चा अर्थ मला तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. शाळेतून येऊन 'जरा लागलंय' म्हणाली होती, तेव्हा हात मोडला होता.

टोकियोतल्या तोयोसू भागात ती ज्या कंपनीत आहे तिथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितात. यंत्रं जपानी, गिऱ्हाईक अमेरिकन, आणि त्यातलं काही चीनच्या हाती लागू नये म्हणून सगळ्यांचे डोळे वटारलेले. एवढं मला कळतं. त्या दिवशी तिच्या साहेबांनी तिला बाजूला बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला आणि विचारलं, आईंना इथे करमतं का? इमारतीत मैत्रीण मिळाली म्हणे, छान झालं. मग थोडं थांबून, सध्याचे दिवस जरा अवघड आहेत, असं म्हणाले आणि कप उचलून गेले.

"एवढंच म्हणाले?"

"एवढं म्हणाले म्हणजे खूप म्हणाले. इथे याच्यापुढे कोणी बोलत नाही, थेट प्रोजेक्टवरून काढतात."

"आणि माझ्या मैत्रिणी त्यांना कशा माहीत?"

ती ताटाकडे बघत म्हणाली, "मीच लंचला फोटो दाखवला. तू केलेल्या चकल्या आणि त्यांनी पाठवलेले ते मोमो. सगळे सुगोई सुगोई करत होते."

"सुगोई म्हणजे वा वा ना? मग वा वा करणाऱ्यांना काय वाटतं, मी चकलीत घालून यंत्रांचे नकाशे खाली पाठवते?"

"आई, प्लीज. हा प्रोजेक्ट गेला तर नोकरी गेली, नोकरी गेली तर व्हिसा गेला. माझा गेला की तुझाही."

हे खरं होतं. मला या देशात राहू देतात ते मुलीची नोकरी मोठी आणि नात लहान म्हणून. जावई नागोयाला मोटारींच्या कारखान्यात, शनिवार-रविवारचे येतात. मुलगी सकाळी जाते ती दिवेलागणीलाच उगवते. मधला सगळा दिवस मी, बाविसाव्या मजल्यावरची काच आणि खालचं पाणी. सत्तरी ओलांडल्यावर मी जपानी शिकायला घेतलं आणि 'माफ करा' नि 'आभारी आहे' इथवर येऊन थांबले. इथे तेवढ्यावर भागतं, पण गप्पा होत नाहीत. अख्ख्या जपानात माझी मैत्रीण एकच, सतराव्या मजल्यावरची चिनी आजी. तिची नात आणि माझी नात एकाच पाळणाघरात, एकाच वर्गात. दोघी एकमेकींशी जपानीत भांडतात आणि आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून त्यांच्या टोप्या सांभाळतो.

मी तिला विहीणबाई म्हणते. तिला वाटतं, मराठीत मैत्रिणीला असंच म्हणतात. नाव पडलं ते डब्यांवरून. पहिल्या दिवाळीत मी तिला स्टीलच्या डब्यातून चकल्या दिल्या. दोन-तीन दिवसांनी डबा परत आला तो भरून, आत मोदकांच्या चुलत भावंडांसारखं काहीतरी. फोनमध्ये बोललं की दुसऱ्या भाषेत उमटतं ते यंत्र आम्ही दोघी वापरतो. त्यात विचारलं तर उत्तर आलं, कांद्याची पात आणि अंडं. खाल्लं. डबा रिकामा परत आला नाही, हे मला फार आवडलं. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तिने 'रिकामं नाहीच' म्हणून हात आडवा धरला आणि फोनमधून मला सांगितलं की तिची आईसुद्धा निदान दोन खजूर तरी घालायची. झालं. पुढे तिचा निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा या खेळात आला आणि दोन्हीकडून रुखवत सुरू झालं. मी शंकरपाळे, तिने तिळाच्या वड्या. मी पुरणपोळ्या, तिने तसंच पुरण भरलेले पांढरे गुबगुबीत वाफवलेले पाव, जणू मला दाखवायला की पुरण काही तुमच्या एकटीचं नाही. शस्त्रास्त्र स्पर्धा म्हणतात ती हीच, फक्त आमच्या स्पर्धेत दोन्हीकडची वजनं वाढली.

शस्त्रास्त्र स्पर्धा या विषयावर मी एके काळी भाषण करायची. त्या बाईचं काय सांगू तुम्हाला. विशीतली, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, दोन वेण्या कापून टाकलेल्या, आणि जगात जे काही चाललंय ते सगळं आपल्याला कळलंय असा चेहरा. पुण्यात आमच्या चौकात उभी राहून व्हिएतनामवर बोलायची. तिथल्या नद्यांची नावं पाठ, आणि आमच्या घरी पाणी किती वाजता येतं ते आईला विचारावं लागायचं. रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं घरी यायची. मी ती वाचायची आणि धाकटी बहीण त्यांची कव्हरं वह्यांना घालायची. ट्रॅक्टरवर हसणाऱ्या बायकांची चित्रं असत. ट्रॅक्टर चालवून कोणी इतकं हसत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा मिलो आला, लाल ज्वारीसारखा. मी जाहीर केलं, साम्राज्यवाद्यांचं धान्य मी खाणार नाही. आई म्हणाली, "बरं." संध्याकाळपर्यंत भुकेने डोळे पांढरे झाले तेव्हा मी भाकरीकडे बघून विचारलं, "ही आपली ना?" आई म्हणाली, "आपलीच, आपलीच." भाकरी लालभडक होती. मी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

बहिणीचं लग्न अमेरिकेतल्या इंजिनियरशी ठरलं तेव्हा तर मी विमानतळावरही गेले नाही. आमचं घर म्हणजे तेव्हाचं जगच होतं. मी एका गोटात, ती दुसऱ्या, आणि मध्ये आई. बहिणीने तिकडून मिक्सर पाठवला. मी कमी कशी पडणार, रशियाला जाऊन आलेल्या एका कॉम्रेडकडून इस्त्री मिळवली. अमेरिकन मिक्सर आपल्या विजेवर लावल्याबरोबर जळला. रशियन इस्त्री जळली नाही, पण ती उचलायला माणूस लागायचा, आणि बाबांचा एकुलता एक चांगला शर्ट तिने संपवला. आईने दोन्हींवर कापडाची कव्हरं शिवली, दोन्ही फळीवर मांडून ठेवली, दोघींना पत्रातून आभार कळवले आणि वाटण पाट्यावर चालू ठेवलं.

मग रशियाने अफगाणिस्तानात रणगाडे घातले. बहीण तेव्हा माहेरी आलेली. ती म्हणाली, "ताई, आता बोल." मी बोलले. मदतीला गेलेत, बोलावलं म्हणून गेलेत, असं बरंच काही. ती म्हणाली, तुला लाज वाटत नाही. मी म्हणाले, तुला व्हिएतनामची वाटली होती का? त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एकाच खोलीत बसून, "आई, तिला सांग" चालायचं. गंमत बघा, तिचा नवरा अमेरिकन सैन्यात नव्हता, माझा नवरा पोस्टात होता, आणि त्या डोंगरातली जी माणसं मरत होती त्यांच्यातल्या एकालाही आम्ही दोघी कोण हे ठाऊक नव्हतं. ज्यांचं खरं भांडण होतं ते आपापल्या देशात तीन वेळा व्यवस्थित जेवत होते. त्यांनी एकमेकांवर एक गोळी झाडली नाही. ते काम इतरांकडे दिलेलं होतं, आणि त्यातलं अगदी चिल्लर काम आमच्या आईच्या स्वयंपाकघराकडे.

आईने तेव्हा स्टीलचा एक डबा घेतला आणि भांडीवाल्याकडून त्यावर आम्हा दोघींची नावं घालून आणली, शेजारी शेजारी, मध्ये स्वल्पविरामही नाही. बहीण माहेरी आली की तो भरून माझ्याकडे यायचा. "हिने केलंय," एवढंच आई म्हणायची. मी खायची नाही असं ठरवायची, मग खायची, आणि डबा रिकामा देता येत नाही म्हणून त्यात काहीतरी घालायची. आई तो नेऊन तिच्यापुढे ठेवायची. अशी कित्येक वर्षं. शेवटी तिकडे रशियाचं साम्राज्य मोडलं आणि एका सकाळी न्यू जर्सीहून फोन आला.

"ताई, तुझं दुकान बंद झालं म्हणे."

"हो."

"जेवलीस का?"

तेव्हापासून आम्ही रोज बोलतो. तोच डबा मी जपानात आणला आणि त्याच डब्यातून विहीणबाईंकडे पहिल्या चकल्या गेल्या.

विहीणबाईंची तरुणपणाची हकिगत तर आणखी भारी. सकाळी बागेत म्हाताऱ्यांचा व्यायाम असतो, रेडिओवर पियानो वाजतो आणि सगळे एकदम हात वर करतात. तिथे एकदा तिने हात वर नेताना मूठ वळली आणि खोकून हसली. नंतर बाकावर बसून फोनमध्ये बोलली. ती शाळेत असताना चौकात उभी राहून अशीच मूठ वळायची, अमेरिका मुर्दाबाद, आणि त्याहून मोठ्याने रशिया मुर्दाबाद. मी विचारलं, रशियाने तुमचं काय घोडं मारलं होतं? फोनने त्याचं काय केलं कोण जाणे, ती घाबरून म्हणाली, घोडा नव्हता. मग मी तिला माझी मूठ दाखवली. म्हणजे मी पुण्याच्या चौकात ज्यांचा जयजयकार करत होते, त्यांच्याच पुतळ्याला ती तिच्या चौकात जोडे मारत होती. दोघींचे गुडघे आता सारखेच वाजतात. त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या जपानी आजोबांनी बाक बदललं.

अशा बाईकडे 'जरा कमी' जायचं होतं.

मुलगी बोलली त्या संध्याकाळी माझा स्टीलचा डबा खाली होता, बेसनाच्या लाडवांसकट. तिचा निळ्या झाकणाचा डबा माझ्याकडे, नुकता धुऊन पालथा घातलेला.

"तो डबा देऊन टाक आणि मग बास," मुलगी म्हणाली.

"रिकामा?"

"रिकामाच. भरून दिलास तर परत तिकडून येणार. हे संपायचं कधी? मी देऊन येऊ का?"

"त्याला हात लावायचा नाही."

तिचे डोळे ओढलेले होते. तिच्या वयाची असताना मी जगाची चिंता करायची. ती बिचारी फक्त महिन्याच्या शेवटी घर चालेल का एवढीच करते. तिच्यावर चिडायला मला जमलं नाही, आणि ते जमलं नाही याचाच जास्त राग आला.

मग मी माझं मुत्सद्देगिरीचं डोकं चालवलं. डबा परतच करायचा नाही. भरून दिला तर मुलीची नोकरी, रिकामा दिला तर मैत्री. तिचा डबा माझ्याकडे आणि माझा तिच्याकडे आहे तोवर काही मोडलेलं नाही. दोन्हीकडे एकेक ओलीस. हे मी बहिणीला फोनवर ऐटीत सांगितलं.

"म्हणजे आईचाच डाव," ती म्हणाली.

"आईचाच."

"आईचा चालला ताई, कारण दोन्हीकडच्या पोरी तिच्याच होत्या. इथे मध्ये कोण आहे?"

मी म्हटलं, तुझ्या देशालाच विचार. ती म्हणाली, माझा देश मला विचारून करतो का काही. आणि मग आम्ही दोघी सांध्यांच्या औषधांवर बोललो.

बागेत मी दुसऱ्या टोकाला उभी राहू लागले, पाण्याच्या बाजूला, जिथे रेडिओ नीट ऐकू येत नाही. पाळणाघराच्या दाराशी उशिरा पोचायचं आणि नातीला घेऊन घाईने निघायचं. विहीणबाईने पहिल्यांदा लांबून हात केला. दुसऱ्यांदा जवळ आली आणि फोन पुढे धरला. मराठीत अक्षरं उमटली, तुम्ही रागावलात का?

मी काय सांगणार होते? की तुझ्या देशाचं आणि माझ्या मुलीच्या गिऱ्हाइकाचं पटत नाही? हे सांगितलं तर तेही तिच्या सुनेमार्फत, मुलामार्फत कुठे कुठे जाईल. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि फोनमध्ये बोलले, "गुडघा दुखतो." चौकात उभी राहून महासत्तांना जाब विचारणारी ती शबनमवाली इथे असती तर तिने माझ्याकडे बघितलंही नसतं. नसतं बघितलं तर नसो. तिला कोणाच्या व्हिसावर राहावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली. आत गुडघ्याला लावायच्या चिनी औषधी पट्ट्या, उग्र कापराच्या वासाच्या, आणि कागदावर काढलेलं गुडघ्याचं चित्र, पट्टी कुठे लावायची ते दाखवणारा बाण. पट्ट्या डब्यात नव्हत्या, म्हणजे परत काही द्यायचं बंधन नाही, हे तिने जाणूनच केलं असणार. मी दोन्ही गुडघ्यांना लावल्या. दुखत नव्हते तरी लावल्या.

मुलगी आली आणि दारातच थांबली. "कसला वास येतोय?"

"गुडघे."

तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "आई, मी काय सांगितलं होतं?"

"मी गेले नव्हते खाली. औषध वर आलं."

"तू त्यांना सांगत का नाहीस सरळ?"

"तुझ्या साहेबांनी तुला सरळ सांगितलं का?"

ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नातीने माझ्या गुडघ्याला नाक लावून जपानीत काहीतरी म्हटलं. मी विचारलं, काय गं? तर तिने मराठीत सांगितलं, "त्यांच्या घरासारखा वास येतो. आपण त्यांच्याकडे कधी जायचं?"

"बघू."

"आई म्हणते जायचं नाही. मी तिला सांगितलं."

"कोणाला?"

तिने सतराव्या मजल्यावरच्या नातीचं नाव घेतलं. पाळणाघरात, खाऊच्या वेळेला, सरळ सांगून टाकलं होतं. आमच्या घरात सरळ बोलणारं माणूस तेवढं एकच निघालं, सहा वर्षांचं.

पुढच्या आठवड्यात दाराच्या मुठीला पुन्हा पिशवी होती. हात लावल्याबरोबर कळलं, स्टील. मी ती आत आणली, ओट्यावर ठेवली आणि आधी हलवून पाहिली. मग झाकण उघडलं. आत काही नव्हतं. मी डबा खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला. साखरेचा दाणा नाही, तीळ नाही, कोपऱ्यात अडकलेला बेसनाचा कण नाही. घासून, पुसून, कोरडा केलेला. लिंबाच्या साबणाचा वास येत होता. आईने घातलेली दोन्ही नावं इतकी लख्ख निघाली होती की गेल्या कित्येक वर्षांत मी ती अशी वाचली नव्हती.

नातीचं बोलणं खाली पोचलं, की विहीणबाईंच्या मुलालाही कोणी बाजूला नेऊन चहा पाजला, मला माहीत नाही. तोही कुठल्याशा रसायनांच्या कंपनीत आहे, त्याचेही कोणी साहेब असतील, त्यांचेही दिवस जरा अवघड असतील. पण डबा कोणी घासला ते मला माहीत आहे. असा डबा मुलं घासत नाहीत. आणि भांडं रिकामं द्यायचं नसतं हे ज्या बाईने मला हात आडवा धरून सांगितलं, तिला त्यात दोन खजूर टाकायचं विसरायला होणार नाही.

मुलीला मी डबा दाखवला. ती आत डोकावली आणि म्हणाली, "बघ, त्यांच्याकडेही तेच झालं असणार. एका अर्थी बरंच झालं ना, तुला काही बोलावं लागलं नाही."

"हो. फार सोयीचं झालं."

"आई, असं बोलू नको."

"मग कसं बोलू ते सांग. तेही सांभाळून बोलते."

बहिणीला फोन केला तेव्हा तिने काय झालं ते ऐकून घेतलं. तुझं दुकान बंद झालं, असं काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आपल्या डब्यात?" मी म्हटलं, हो.

मग एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली. मी खालून चढले तेव्हा ती आधीच आत होती, हातात पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. दुसरं कोणी नव्हतं. वर कोपऱ्यात कॅमेरा. दोघी दाराकडे तोंड करून उभ्या राहिलो, इथले सगळे राहतात तशा. तिचा फोन खिशात होता, माझाही. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, गुडघा बरा आहे, पट्ट्या चांगल्या होत्या. तेवढं जपानीत मला येत नाही आणि मराठीत तिला कळत नाही. सतरावा आला. ती बाहेर पडली, वळली आणि कमरेत वाकली. हात मांडीवर, मान खाली, बरोब्बर जपानी पद्धतीने, अनोळखी माणसाला वाकतात तशी. इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकींना कधी वाकलो नव्हतो. आम्ही पाठीवर थाप मारायचो. मीही वाकले. दार बंद होईपर्यंत दोघी वाकूनच होतो, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

त्या शनिवारी मी फडताळ आवरायला काढलं. नात स्टुलावर चढून डबे खाली देत होती. निळ्या झाकणाचा डबा हातात आला तशी ती म्हणाली, "आजी, हा त्यांचा आहे. परत नाही द्यायचा?"

"द्यायचा होता."

"मग मी देऊन येऊ?"

"काय घालून देशील?"

तिने इकडे तिकडे बघितलं आणि खांदे उडवले. स्वयंपाकघरात तिची आई कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली होती. मी वाट पाहिली. सुरी परत चालू झाली.

मी नातीच्या हातातून डबा घेतला, मोहरीची पिशवी फोडली आणि त्यात ओतली. बरोबर मावली. झाकण लावलं आणि तो गॅसजवळच्या फळीवर ठेवला, जिथे रोज हात जातो.